बॅटरीच्या पट्ट्यांची चूल

श्रावणात नळदुर्गला आमच्या गल्लीत दिवस उजाडायचा तो धुरातच. शेण्या ओल्या, तुराट्या ओल्या. फुंकणी फुंकून बायांचे डोळे लालभडक व्हायचे. एका घरात मात्र काडी ओढली की चूल धडधडायची. ते घर कस्तुराबाईचं.

तिचा नवरा बलभीम हैदराबाद रस्त्यावरच्या बॅटरीच्या दुकानात कामाला होता. महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या आदल्या वर्षाची ही गोष्ट. निजामाचं राज्य जाऊन बरीच वर्षं लोटली होती आणि सोलापूरहून हैदराबादेकडं जाणारे ट्रक दिवसभर दुकानाशी थांबत. मालक आण्णासाहेब बॅटऱ्या चार्ज करून देत आणि मेलेल्या बॅटऱ्या विकत घेत. बलभीमचं काम मेलेल्या बॅटऱ्यांचं. आतलं तेजाब, म्हणजे ॲसिड, उताराला ओतून द्यायचं, डबा फोडायचा, शिशाचे पत्रे सोडवायचे, कढईत वितळवून त्यांच्या लाद्या पाडायच्या. त्या काळी दोन पत्र्यांच्या मधे पातळ लाकडी पट्ट्या घातलेल्या असत. धंद्याला त्यांचा काही उपयोग नव्हता. दुकानामागं पत्र्याच्या छपराखाली त्यांचा ढीग पडे आणि संध्याकाळी बलभीम त्यातल्या चार मुठी पंच्यात बांधून घरी आणी. कुणी घरी येताना भाजीची जुडी आणतं ना, तशा.

शेजारणी मागायला यायच्या. "कस्तुरे, दे गं चार पट्ट्या, माजी चूल रुसलीय." आणि ती द्यायची. देण्याइतकं तिच्याकडं तेवढंच होतं.

आमचे हे रस्त्याच्या खात्यात ओव्हरसियर, म्हणून आमचं बिऱ्हाड नळदुर्गला. कस्तुराबाई माझ्याकडं भांडी घासायला येई. अणदूरची लेक, उंच, सावळी, हातात चांदीच्या पाटल्या, आणि मिश्री घासून घासून दात-हिरड्या काळ्या केलेल्या. मिश्रीवरून मी बोलले की म्हणायची, "वैनी, तुमचा च्या सुटला का? मग माजी मिश्री कशी सुटंल?" भांड्यांना राखसुद्धा ती आपल्या घरची आणायची, डालड्याच्या डब्यात भरून. म्हणायची, "आमच्या राखंला धार हाय." पितळ खरंच लखलखायचं.

अशी बोलकी बाई, पण पाळण्याचा विषय निघाला की मुकी व्हायची. तिच्या तीन खेपा वाया गेल्या होत्या. दोन अर्ध्यातच, आणि तिसरं मूल पुऱ्या दिवसांचं, नाकीडोळी नीटस, पण रडलंच नाही. सुईणीनं उलटं धरलं, पाठीवर थापट्या मारल्या, काशाची थाळी वाजवली. नाहीच. तेव्हापासून गल्लीतल्या बारशांना ती दाराबाहेरच उभी राही.

तिच्या सासूबाई दगडाबाई नावासारख्याच. बायका त्यांना तोंडावर विचारायच्या, "बलभीमाला दुसरी कवा करती?" त्या म्हणायच्या, "दुसरी काय आभाळातनं पोर घिऊन येणार हाय? हिच्याच पोटी हुईल. तुमच्या जिभंला हाड न्हाय म्हून काय देवालाबी न्हाय व्हय?"

त्या श्रावणात कस्तुराबाईला चौथ्यांदा दिवस गेलेले होते. पोट दिसायला लागलं होतं. एकदा भांडी पालथी घालता घालता ती थांबली आणि म्हणाली, "वैनी, पोरगी असू दे, काळं असू दे, लंगडं असू दे. निस्तं रडलं पायजे. मला त्येचं रडनं ऐकायचंय. अणदूरच्या खंडोबाला तेवढंच बोलले म्या, दुसरं काई मागितलं न्हाय."

डोहाळे तिला मातीचे लागले होते. चुलीच्या भाजलेल्या मातीचे. आपल्याकडं कित्येकींना लागतात; आणि डोहाळा पुरवला नाही तर पोराचे कान फुटतात, ही दगडाबाईंची पक्की समजूत. मी एकदा त्यांच्याकडं गेले तेव्हा दगडाबाई उलथण्यानं चुलीच्या वैलाची कड खरवडत होत्या. तांबूस-काळा पोपडा निघाला, तो पदराला पुसून त्यांनी सुनेच्या हातावर ठेवला.

"घे कस्तुरे, आज आतल्या अंगाचा हाय. खमंग."

"आत्याबाई, समदी चूल खाऊन टाकीन हो म्या तुमची."

"खा की. चुली दहा घालता येत्यात."

मी म्हटलं, "दगडाबाई, माती कशाला देता? गूळ-शेंगा द्या की."

"वैनी, तुमी शिकलेल्या," त्या हसून म्हणाल्या, "पर पोटातलं कुठं शाळंत गेलंय? ते मागंल ते द्यावं."

आणि त्यांनी आणखी एक तुकडा काढून पाण्याच्या माठाशेजारी वाटीत ठेवला, उद्यासाठी.

बलभीमचं दुखणं याच सुमारास वाढलं. पोटात मुरडा यायचा, दुकानातच गुडघे छातीशी घेऊन तो आडवा पडायचा. दवाखान्यात लाल औषध मिळायचं, ते प्यालं की दोन दिवस बरं. मग उजवा हात मनगटातून पडला. पडला म्हणजे मोडला नाही, उचलेनाच. चहाचा कप धरायला गेला की पंजा खाली लोंबायचा, पाण्याविना मान टाकलेल्या रोपासारखा. दुकानातला मिस्त्री सिदू मोठा थट्टेखोर. तो म्हणाला, "बलभीमराव, मालकाला सलाम करून करून हात तसाच ऱ्हायला की वो!" सगळे हसले. बलभीमही हसला. मग त्यानं डाव्या हातानं उजवा पंजा उचलून सरळ केला, सोडला, आणि तो परत पडला. त्यानंतर कुणी हसलं नाही, असं सिदूनंच मला सांगितलं.

कुणी म्हणालं करणी आहे. दगडाबाईंनी बिरदेवाचा भंडारा आणून कपाळाला लावला, उंबऱ्यावर लिंबू कापलं. आठवड्याभरात डावाही हात ढिला पडला.

माझं माहेर सोलापूरचं. ह्यांच्या खात्याचा ट्रक खडी-डांबराच्या कामाला सोलापूरला जायचा, त्यात बसून मी बलभीमला तिथल्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले. कस्तुराबाईला न्यायचं नव्हतं, पण ती हटून बसली. "त्येन्ला ट्रकाची दांडी धरता येत न्हाय वैनी. कोन धरंल?"

डॉक्टर पन्नाशीचे, कमी बोलणारे. त्यांनी हात पाहिले, नखं पाहिली, मग म्हणाले, "तोंड उघड." ओठ वर करून हिरडीकडं बघत राहिले. "छापखान्यात खिळे जुळवतोस?"

"न्हाय सायेब. बॅटऱ्या फोडतो."

डॉक्टरांनी लेखणी खाली ठेवली. मला जवळ बोलावून दाखवलं. दातांच्या मुळाशी, हिरडीच्या अगदी काठावर, निळी-काळी रेघ होती. शिसपेन्सिलीनं कुणी आखावी तशी. "शिसं," ते म्हणाले. "धुरातून, भुकटीतून, हातावरच्या भाकरीतून पोटात गेलंय. वर्षानुवर्षं."

मग त्यांची नजर कोपऱ्यात बसलेल्या कस्तुराबाईकडं गेली. तिच्या पोटाकडं. "तिला पुढं बोलवा."

"माज्या तोंडात मिश्री हाय सायेब," ती लाजून म्हणाली. "काळंच दिसनार."

नर्सनं ओल्या कापसानं तिच्या हिरड्या पुसल्या. एक बोळा काळा झाला, दुसरा झाला, तिसरा पांढरा निघाला. मिश्री गेली. रेघ राहिली.

इतकी वर्षं ती माझ्यासमोर हसत होती आणि ती रेघ मिश्रीखाली झाकलेली होती.

"घरी चुलीत काय जाळता?"

तिनं मोकळेपणानं सांगितलं. "बॅटरीच्या पट्ट्या. लई झ्याक पेटत्यात सायेब, धूर न्हाय काय न्हाय."

डॉक्टरांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. मग हळू आवाजात म्हणाले, "राख, माती असलं काही खातेस का, बाई?"

तिनं माझ्याकडं बघितलं. मग खाली बघून म्हणाली, "आत्याबाई देत्यात. डोहाळं म्हून."

डॉक्टरांनी सगळं सोप्या शब्दांत सांगितलं. पट्ट्यांमधे शिसं मुरलेलं असतं, जळताना ते धुरात जातं, राखेत उतरतं, चुलीच्या मातीवर बसतं. आईच्या अंगातून पोटातल्या बाळापर्यंत जातं. आधीची तीन कदाचित त्यानंच गेली असतील. कस्तुराबाईनं सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "ह्ये रडंल का?"

"मी खोटं सांगणार नाही," डॉक्टर म्हणाले. "त्या घरात आता राहू नकोस. माहेरी जा, तिथलं खा, दूध पी. बाकी माझ्या हातात नाही."

परतीच्या ट्रकमधे ती बलभीमचे दोन्ही पंजे मांडीवर धरून बसली होती. तुळजापूरचा फाटा मागं पडल्यावर म्हणाली, "वैनी, आत्याबाईस्नी पट्ट्यांचं सांगा. मातीचं सांगू नका. त्या जीव देतील."

मी तसंच केलं. दगडाबाईंना म्हटलं, पट्ट्यांचा धूर विषारी आहे, त्यानंच बलभीमचे हात गेले, पट्ट्या जाळू नका. त्या ऐकत होत्या. मग चुलीकडं वळल्या. वैलाची कड खरवडून खरवडून अर्धी झाली होती, तिथं त्यांची नजर थांबली.

"धूर चुलीतच बसत आसंल की, वैनी?"

मी दाराकडं बघितलं.

"चुलीतच बसत आसंल," त्या पुन्हा म्हणाल्या, या खेपेला विचारल्यासारखं नाही. माठाशेजारची वाटी त्यांनी उचलली. तिच्यात एक पोपडा होता. वाटी हातात धरून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. कस्तुराबाई त्यांच्या पायाशी जाऊन म्हणाली, "आत्याबाई, तुमी मायेनं दिली."

"मायेनंच दिली, बाय," दगडाबाई म्हणाल्या. "मायेनंच."

दुसऱ्या दिवशी त्यांनी कुदळ घेऊन चूल फोडली. घमेल्यात माती भरली, त्यावर राख ओतली, डोक्यावर घेतलं. आणि मग टाकायचं कुठं, हेच कळेना. उकिरड्यावर टाकावी तर उकिरडा शेतात जातो. बोरी नदीच्या पात्रात टाकावी तर खालच्या अंगाला बाया पाणी भरतात. रस्त्याच्या कडेला टाकावी तर कोंबड्या आणि पोरं. मी माझा डालड्याचा डबा घेऊन त्यांच्याबरोबर निघाले होते. माझ्या घरातली राखही तीच की. आम्ही दोघी ऊन उतरेपर्यंत गावाभोवती फिरलो. ज्या जागेवर उभं राहावं ती कुणाच्या तरी खाण्यापिण्याची निघायची. दगडाबाईंची मान थरथरत होती, पण घमेलं त्या मला देईनात.

शेवटी त्या तडक बॅटरीच्या दुकानात गेल्या आणि आण्णासाहेबांच्या गादीसमोर घमेलं उतरवलं. "मालक, तुमचं हाय. ठिवून घ्या."

आण्णासाहेब वाईट माणूस नव्हते. पण चिडले. "म्हातारे, मी लाकडं विकली का तुला? फुकट नेली, वर आशीर्वाद दिलेस. आता माझ्या दारात माती आणून टाकतेस?"

मी डॉक्टरांचं बोलणं सांगितलं. ते मान हलवत म्हणाले, "अहो बाई, डॉक्टरांना काय, बोलायला पाहिजे. आमच्या घरी तर रोज बंब तापतो त्या पट्ट्यांवर. नातवंडं..." आणि तिथंच थांबले.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या बंबाला बाभळीचं लाकूड आलं. दुकानामागचा ढीग मात्र तसाच राहिला, आणि कस्तुराबाईकडं मिळेनात म्हणून बाया थेट तिथूनच न्यायला लागल्या.

कस्तुराबाई अणदूरला गेली. भाऊ गाडीबैल घेऊन आला होता. जाताना तिनं मिश्रीची डबी माझ्या ओट्यावर ठेवली. "ही नगं आता. रेघ जाती का न्हाय, कळायला पायजे."

ती दिवसांआधीच बाळंत झाली. मुलगी. निरोप आला तेव्हा दगडाबाई आणि बलभीमबरोबर मीही अणदूरला गेले. अंधाऱ्या खोलीत ती खाटेवर पडली होती आणि तिचा चेहरा असा की मला वाटलं, सगळं बरं झालं.

"रडली, वैनी," ती म्हणाली. "म्या ऐकलं. मांजरावानी बारीक, पर रडली."

पोर मूठभर होती. अंगाला कापूस लावून कापडात गुंडाळलेली. दूध ओढत नव्हती. दुपारपासून तिला झटके यायला लागले, इवल्या मुठी वळायच्या आणि सुटायच्या. कस्तुराबाई प्रत्येक झटक्याबरोबर तिच्या छातीवर तळवा ठेवायची, दार लोटून धरावं तसा. संध्याकाळी झटके थांबले, आणि रडणंही.

पुरायला नेताना रीतीप्रमाणं बापाच्या हातात द्यायची वेळ आली. बलभीमनं दोन्ही हात पुढं केले. पंजे खाली लोंबत होते. त्यानं पुन्हा उचलायचा प्रयत्न केला, पुन्हा पडले. "आई, तू घे," तो म्हणाला. दगडाबाईंनी घेतली. बलभीम मागून मोकळ्या हातांनी चालत गेला.

मला वाटलं, कस्तुराबाई आता माहेराहून परतणार नाही. ती परतली. घरी गेली, शेणामातीची नवी चूल घातली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानामागच्या ढिगाशी जाऊन बसली.

बाया पाट्या घेऊन आल्या की ती आडवी व्हायची. आधी समजावून सांगायची, मग हात जोडायची, मग शिव्या द्यायची. बाया काय कमी होत्या? "स्वतःची चूल पेटंना म्हून दुसऱ्याच्या इजवती, सटवी." कुणी म्हणालं डोकं फिरलंय. कुणी म्हणालं सगळ्या पट्ट्या हिला एकटीला पाहिजेत.

गंगम्मा त्यातलीच. तिकडच्या कानडी मुलखातून आलेली, नवरा ट्रकवर क्लीनर, लग्नाला वर्ष झालेलं आणि पोटातल्याचे दिवस भरत आलेले. मी रस्त्यानं येत होते तेव्हा त्या दोघींची जुंपलेली होती.

"अय्यो, तुजं लेकरू गेलं म्हून आमी काय कच्चं खायाचं का?" गंगम्मा म्हणाली.

कस्तुराबाईनं बोटानं आपला वरचा ओठ उचलला. "ही बघ. मिश्री न्हाय, शाई न्हाय. पूस." गंगम्माचं बोट धरून तिनं आपल्या हिरडीवर घासलं. "निगती का? पूस की जोरात. निगती का?"

गंगम्मानं बोट सोडवून घेतलं, लुगड्याला पुसलं आणि रिकामी पाटी काखेत घालून निघून गेली. तिसऱ्या दिवशी तिची सासू आली पाटी घेऊन. मग कस्तुराबाईनं तिलाही ओठ उचलून दाखवला.

असं रोज. गिऱ्हाइकांसमोर बाया तोंडं उघडून भांडतात म्हणून आण्णासाहेब जेरीला आले. "काय पाहिजे तुला?" त्यांनी एकदाचं विचारलं.

"खड्डा," ती म्हणाली.

आमच्या ह्यांनी जागा दाखवली: विहिरीपासून लांब, उंचवट्यावर, जिथलं पाणी बोरीकडं उतरत नाही अशी. खड्ड्याच्या तळाशी चिकणमाती ठोकून बसवली. पट्ट्या, फुटके डबे, झाडलेली भुकटी, दगडाबाईंची चूल आणि माझा डालड्याचा डबा, सगळं त्यात गेलं. तेजाब उताराला ओतायचं बंद झालं. आधी ते चुन्यानं मारून मगच खड्ड्यात घालायचं, हे सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. भुकटी झाडायच्या आधी पाणी शिंपडायचं, कामाचे कपडे दुकानातच ठेवायचे, हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लावायचा नाही. सिदू कुरकुरला, "हात धुवून धुवून बामन व्हायची पाळी आली." पण धुवायला लागला. बलभीमचे पंजे त्याच्या डोळ्यांसमोर होते. बलभीमला दुसरं काम झेपण्यासारखं नव्हतं. आण्णासाहेबांनी त्याला दुकानाच्या राखणीला ठेवला. जिथं हात गेले तिथंच बसायचं.

खड्ड्यावर फरशी टाकायची होती. ती आज येते, उद्या येते असं चाललं होतं, म्हणून कस्तुराबाईनं बाभळीचे काटे आणून वर रचले.

पुन्हा श्रावण आला. झड लागली. शेण्या ओल्या, तुराट्या ओल्या. एका संध्याकाळी कस्तुराबाई भांडी न घासताच आत आली. "वैनी, आरसा द्या."

दारातल्या उजेडात उभी राहून तिनं ओठ उचलला. मी जवळ जाऊन बघितलं. रेघ पुसट झाली होती. एका बाजूला तर नव्हतीच म्हटलं तरी चालेल. मला इतका आनंद झाला की मी तिचा दंडच धरला. "अगं, जातेय! डॉक्टर म्हणाले होते ना, अंगातलं कमी झालं की जाते. आता..."

ती हसली नाही. "व्हय. आत्याबाईबी तेच म्हनत्यात. आता पुन्ना दिवस ऱ्हायले तर भ्या न्हाय म्हनत्यात." आरशात बघतच ती बोलत होती. "मलाबी पायजे वैनी. पुन्ना रडनं ऐकायचंय, पर संपनारं नगं. आन् समदी गेली तर उद्या त्या बायांस्नी दावू काय? आत्ताच म्हनत्यात, कुठं हाय गं तुजी रेघ?"

बाहेर गल्लीत चुली पेटवायची वेळ झाली होती. घराघरातून पांढरा, ओला धूर निघत होता, फुंकण्या चालल्या होत्या, कुणी खोकत होतं. कस्तुराबाईनं मान वर केली. पलीकडच्या ओळीत एका घरात काडी ओढल्याचा आवाज झाला आणि लगेच चूल धडधडली. दारातून लखलखीत उजेड बाहेर चिखलावर पडला. धूर नाही.

"गंगम्माच्या घरात," ती म्हणाली. "खड्ड्यावरलं काटं उचललं कुनीतरी."

गंगम्माचं पोर तेव्हा रांगायला लागलं होतं.

आरसा माझ्या हातात देऊन ती तशीच अनवाणी चिखलातून निघाली. जाता जाताच तिचं बोट ओठाशी गेलेलं मला दिसलं.